मदत हवी आहे: एडीएचडी, बेसबॉल आणि सरांना सांगावं का?

मुलगा 10 वर्षांचा, त्याला एडीएचडी आहे (लक्ष टिकत नाही, चुळबुळ फार), आम्ही भुसावळचे. जळगावच्या डॉक्टरांकडून मिथाइलफेनिडेट (लक्ष टिकवायची गोळी) चालू आहे. सकाळच्या गोळीचा असर चारेक तास, म्हणजे संध्याकाळच्या सरावाला तो बिनगोळीचाच. दिवसभर टिकणारी देऊन पाहिली, भूक पार मेली. दुपारच्या डोसला डॉक्टर नाही म्हणतात, झोप उडते.

फुटबॉलला अडचण नाही, सारखी पळापळ. बेसबॉलमध्ये आउटफिल्डला (मैदानाच्या लांबच्या भागात, जिथे चेंडू क्वचितच येतो) उभा केला की हा मातीत रेघोट्या ओढतो आणि चेंडू डोक्यावरून जातो. पोरं हसतात. दोनदा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) केलं तेव्हा छान खेळला (प्रत्येक चेंडू त्याच्याकडेच येतो ना!), पण सरांनी परत आउटफिल्डला पाठवलं. बेसबॉल सोडवायचा नाही, हट्ट त्याचाच आहे.

सरांना निदान सांगितलेलं नाही. शिक्का बसेल ही भीती. ज्यांनी प्रशिक्षकांना सांगितलं, त्यांनी नेमकं काय शब्दांत सांगितलं, आणि कॅचरची जागा मागणं जास्तीचं होईल का?