कॉम्पेन्सेटर असलेल्या ६२७ चा ग्रुप फाटतोय, क्राउन नव्याने कापावा का?

आठघरी (डॅलस)
स्मिथ अँड वेसन ६२७ (आठ गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर), ५ इंची बॅरल, पुढे काढता येणारा कॉम्पेन्सेटर (वायू वर सोडून मझल, म्हणजे बॅरलचं तोंड, खाली ठेवणारा तुकडा), वर रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट). आयकोरच्या (रिव्हॉल्व्हर सामन्यांची संघटना) ओपन डिव्हिजनमध्ये वापरतो. काडतूस घरी भरलेलं: .३८ स्पेशल, १५८ ग्रेनची पॉलिमर कोटिंगवाली शिशाची गोळी, वेग ८०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास. २५ यार्डांवर टेकू देऊन दोन इंचांत बसणारा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पसारा) आता चारच्या वर जातोय. डॉटचे स्क्रू तपासले, घट्ट आहेत. क्राउन, म्हणजे बॅरलच्या तोंडाची कड, खराब झाला असावा असं वाटतंय. हाताने चालणारं पायलट कटर आणून घरीच ११ अंशांचा क्राउन कापावा म्हणतो. सोबत जास्त खिडक्यांचा (वायू सुटायच्या फटींचा) नवा कॉम्पेन्सेटरही (कॉम्प) बघतोय. जाणकारांनी सांगावं.

लेथवाला
कटर मागवू नका अजून. क्राउन बिघडला तर त्याचा त्रास आठही चेंबरना (सिलिंडरमधल्या काडतुसांच्या घरांना) सारखाच होतो, कारण प्रत्येक गोळी त्याच तोंडातून बाहेर पडते. म्हणून आधी प्रत्येक चेंबर वेगळा तपासा. सिलिंडरवर मार्करने १ ते ८ आकडे टाका आणि टेकूवरून एका चेंबरच्या पाच-पाच गोळ्या वेगळ्या टार्गेटवर मारा. ४० काडतुसं जातील, पण हजार अंदाजांपेक्षा स्वस्त. दोन-तीन चेंबरच भरकटत असतील तर क्राउन निर्दोष आहे. तिथे थ्रोट (चेंबरचं पुढचं तोंड) पिन गेजने मोजा आणि सिलिंडर बॅरलसमोर नेमकं लॉक होतंय का ते रेंज रॉड (बॅरलमध्ये नेमका बसणारा तपासणीचा दांडा) घालून बघा. आठही फाटत असतील तर कॉम्प काढा, त्याजागी मझल कॅप लावा आणि तेच काडतूस पुन्हा मारा.

कॉम्प हातात असतानाच गोळी जाते त्या भोकाची आतली कड भिंगाखाली बघा. एका बाजूला करडी चकचकीत रेघ असेल तर गोळी घासून जातेय. भोक गोळीच्या व्यासापेक्षा साधारण २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोठं असतं, म्हणजे बाजूला जेमतेम १० थाऊ मोकळे. त्यात शिशाचा थर चढला की जागा संपली. कोटेड गोळ्यांवर हा पहिला संशयित.

क्राउन बघायचा तर कापसाची काडी घ्या. बोअरमध्ये (बॅरलच्या आतल्या भोकात) थोडी आत सरकवा आणि रायफलिंगच्या (आतल्या पिळाच्या खाचांच्या) कडेवरून बाहेर ओढा, गोल फिरवत. जिथे तंतू अडकतील तिथे बर (धातूचा बारीक काटा) आहे. दहापट भिंगातून खाचांची टोकं सगळीकडे सारखी धारदार दिसली पाहिजेत. कॅप लावून वीसेक गोळ्या मारल्यावर तोंडावर काजळीची चांदणी उठते. पाकळ्या सारख्या असतील तर वायू सगळीकडून एकाच वेळी सुटतोय. एखादी पाकळी लांब किंवा गायब असेल तर गोळीचा बूड बाहेर पडतानाच एका बाजूने ढकलला जातोय.

आठघरी (डॅलस)
केलं. कॅप लावून आठही चेंबर दोन इंचांच्या आत. कॉम्पच्या पहिल्या पडद्यावर (आतल्या आडव्या भिंतीवर) खालच्या बाजूला शिशाचा ढेप. चांदणी सारखी, कापूस कुठे अडकला नाही. क्राउनचा प्रश्न मिटला असं समजू का?

कड_आणि_कोन
मिटला. तरी क्राउनबद्दल लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न दर काही महिन्यांनी येतो.

रिव्हॉल्व्हरचा क्राउन झिजतो तो बहुधा गोळ्यांनी नाही, साफसफाईने. मागे फ्रेम आडवी येते, त्यामुळे रॉड तोंडाकडूनच घालावा लागतो. जोडाजोडीचा ॲल्युमिनियमचा रॉड रोज एकाच बाजूला घासला की तिथली कड बसते. तोंडात बसणारा पितळी कोन वापरा, नाहीतर केबल सिलिंडरच्या खिडकीतून घालून ब्रश पुढे ओढून घ्या.

नुसता बर असेल तर कटर लागतच नाही. पितळेचा गोल डोक्याचा स्क्रू हँड ड्रिलमध्ये धरा, ३२० ग्रिटची लॅपिंग पेस्ट लावा आणि अगदी हळू फिरवत ड्रिलचा मागचा भाग वर्तुळात हलवत राहा. तसं हलवलं नाही तर स्क्रूच्या डोक्यावरची खाच किंवा चपटी जागा कडेवर उमटते. दर काही सेकंदांनी पुसून बघा. भोवती सारखी चमकदार कडी दिसली की ६०० ग्रिटने एकदा फिरवून थांबा. आधी बोअरमध्ये पॅच कोंबून ठेवायला विसरू नका, पेस्ट आत गेली तर रायफलिंगवर काम करायला लागते.

प्रत्यक्ष ठोका लागलेला असेल तरच कटर. पायलट (कटरची बोअरमध्ये शिरणारी खुंटी) रायफलिंगच्या उंचवट्यांवर गच्च पण हाताने फिरेल असा बसला पाहिजे. सैल पायलट म्हणजे वाकडा क्राउन, आणि तो आधीच्या खराब क्राउनपेक्षा वाईट. आधी ९० अंशांचा सपाट कट, मग ११ अंश, शेवटी पितळेने लॅप. कटिंग ऑइल भरपूर, फिरवायचं फक्त घड्याळाच्या दिशेने. उलटं फिरवलं की धार बोथट होते आणि चॅटरच्या (कटर थरथरल्याच्या) लाटा उठतात. स्टेनलेसमध्ये तर चुरा चिकटून ओरखडेच पडतात. ११ अंशांत जादू नाही. सपाट क्राउनही तितकाच अचूक असतो. कड बोअरच्या अक्षाला काटकोनात आणि सगळीकडे सारखी असणं एवढंच महत्त्वाचं. खोलगट क्राउनचा फायदा वेगळा, पिस्तूल पडलं तरी कड वाचते.

आणि बॅरल दोन भागांचं असेल, म्हणजे आत लाइनर आणि बाहेर आवरण, तर तोंडाला हातच लावू नका. तिथली कॉलर लाइनरला ताण देऊन धरते.

लेथवर करून घेणार असाल तर कारागिराला एकच विचारा: डायल (मध्य जुळवायचा मापक) कुठे लावणार? बोअरच्या आत म्हणाला तर काम द्या. बॅरलच्या बाहेरून सेंटर काढणार म्हणाला तर परत या, कारण बाहेरचा व्यास आणि बोअर एककेंद्री असतीलच असं नाही. कॉम्पचे आटे पाडतानाही हाच नियम.

मझल_खाली
आता कॉम्प. तुमचा पॉवर फॅक्टर (काडतुसाच्या जोराचा आकडा: गोळीचं वजन गुणिले वेग, भागिले हजार) १५८ गुणिले ८०० भागिले १०००, म्हणजे १२६. आयकोरला १२० पुरतो. या काडतुसावर जास्त खिडक्यांचा कॉम्प घेऊन काही हाती लागणार नाही. कॉम्प चालतो वायूवर: तोंडापाशी किती दाबाचा आणि किती वायू उरलाय यावर. .३८ स्पेशलची साम्मीची (अमेरिकेतली काडतुसांची मानकं ठरवणारी संस्था) कमाल दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय, ९ एमएमची ३५,०००. म्हणूनच ९ एमएमच्या ९२९ रिव्हॉल्व्हरवर जो कॉम्प मझल खाली दाबून धरतो, तोच नमुना हलक्या .३८ वर नुसतं वजन ठरतो. त्यातही वायूचं बरंचसं काम पहिला पडदाच करतो, पुढच्या खिडक्यांना उरतं ते थोडं.

फरक हवा असेल तर गोळी हलकी घ्या आणि पावडर त्यामानाने सावकाश जळणारी. तोच पॉवर फॅक्टर जास्त पावडरने मिळतो, वायू वाढतो. वजन मात्र छापील लोडिंग मॅन्युअलमधूनच, फोरमवरून नाही. त्याआधी हाही विचार करा की पुढे वजन वाढलं की एका प्लेटवरून दुसरीकडे जाताना मझल उशिरा थांबते. प्लेट्सवर मला तरी छोटा कॉम्प बरा वाटतो.

शिसं का साचतंय ते शोधा. हातोडी पुलरने एक गोळी काढून बघा. क्रिंपने (केसचं तोंड गोळीवर आवळल्याने) कोटिंग कापलं असेल तर ते आधी सुधारा. बुडाला शिसं उघडं असलेल्या जॅकेटेड गोळ्याही कॉम्प घाण करतात, कारण गरम वायू बुडाचं शिसं उडवतो. बूड झाकलेली किंवा जॅकेटेड हॉलो पॉइंट घेतली तर फरक लगेच दिसेल.

साफ करायला पितळी खरवडणी आणि तांब्याची घासणी. व्हिनेगर-पेरॉक्साइडच्या मिश्रणात बुडवायचा सल्ला इंटरनेटवर भेटेल, तो ऐकू नका. त्यातून पाण्यात विरघळणारं लेड ॲसिटेट तयार होतं, ते त्वचेवर आणि नाल्यात दोन्हीकडे विषारी. सामन्याआधी आतून ग्रीसचा पातळ हात दिला की थर चिवट बसत नाही. पुन्हा बसवताना रेंज रॉड आरपार घालून कॉम्पच्या भोकात तो मधोमध दिसतो का ते बघा.

नेमबाज_पुणे
इथे २५ मीटर सेंटर फायरला .३२ रिव्हॉल्व्हरवर असं काही करता येईल का?

लेथवाला
नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर प्रकारांत कॉम्पेन्सेटर किंवा छिद्रांचं बॅरल चालत नाही. क्राउनची दुरुस्ती चालते, पण भारतात घरी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये दुरुस्ती आणि फेरफार यांनाही परवाना लागतो, आणि तुमचा बाळगण्याचा परवाना त्यात धरला जात नाही. परवानाधारक शस्त्र दुरुस्तकाराकडे द्या, पावती घ्या. पितळी कोन मात्र आजच घेऊन ठेवा.