मदत हवी आहे: मुलीला मायक्रोस्कूलमध्ये घालायचंय, पुढे दहावीचं काय? (पुणे)

मुक्ताई_११
नमस्कार. जरा लवकर उत्तरं हवी आहेत, सोमवारी पैसे भरायचे आहेत.
मुलीची आत्ताची शाळा सोडून तिला एका मायक्रोस्कूलमध्ये घालायचं जवळजवळ ठरलंय. एकूण २२ मुलं, चार ताई-दादा (म्हणजे शिक्षक), बंगल्याचा तळमजला आणि वरची गच्ची. इयत्ता नाहीत, गट आहेत. परीक्षा नाहीत, गृहपाठ नाही. आम्ही गेलो तेव्हा मुलं पोहे करत होती आणि एक मुलगा २६ जणांना किती पोहे लागतील याचा हिशोब फळ्यावर मांडत होता. चुकला, तर दुसरीने येऊन दुरुस्त केला, ताईंनी मध्ये तोंड घातलं नाही. आत्ताच्या शाळेत एका तुकडीत ४८ मुलं आहेत.
प्रश्न दोनच. (१) पुढे दहावीला अडचण येते का? (२) ६० हजार डिपॉझिट मागतायत, परत मिळणार नाही म्हणतात. सगळीकडे असंच असतं का?
शाळा चांगली की वाईट यावर चर्चा नको, ते आमचं आम्ही बघू.

निरंजन_देशी
मुलगी कितवीत आहे? बोर्ड कुठलं? त्या ठिकाणाला शासनाची मान्यता आहे का? हे कळल्याशिवाय दहावीबद्दल कोण काय सांगणार?

अथर्वची आई
अगदी बिनधास्त घाला! आमचा अथर्व अशाच छोट्या शाळेत होता आणि त्याचं बोलणं, प्रश्न विचारणं इतकं खुललं की नातेवाईक विचारायचे काय केलंत. आधी सकाळी पोटात दुखायचं, ते महिन्याभरात बंद झालं. माझं तर मत आहे की दहावीपर्यंत कुठलंही बोर्ड नकोच.

निरंजन_देशी
'होता' म्हणजे आता नाहीये का?

अथर्वची आई
नाही, ती शाळा बंद झाली. ज्यांनी काढली होती त्यांनी ती स्वतःच्या मुलासाठी काढली होती. मुलगा मोठा झाला, त्याला बारावीसाठी दुसरीकडे घातलं आणि ते कुटुंब बेंगळुरूला गेलं. आम्हाला दिवाळीच्या सुट्टीत मेसेज आला. मग वर्षाच्या मध्यात शाळा शोधत फिरलो. पण म्हणून ती शाळा वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही.

शिरवळकर गुरुजी
मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर होतो, त्यातली बरीचशी भोर-वेल्ह्याच्या डोंगरात. पहिली ते चौथी मिळून १७ पोरं, दोन शिक्षक, एक खोली आणि व्हरांडा. आम्ही त्याला बहुवर्ग अध्यापन म्हणत होतो. पहिलीला गिरवायला द्यायचं, तिसरीच्या पोरीला दुसरीचं वाचन घ्यायला बसवायचं आणि तेवढ्यात चौथीचं गणित उरकायचं. मोठी पोरं लहानांना शिकवता शिकवता पक्की होत. आज शहरात याच पद्धतीला लाखभर रुपये फी आहे. आणि आमच्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांचा पट २० च्या खाली म्हणून २०२३ मध्ये त्या एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले गेले. सहा वर्षांचं लेकरू ओढा ओलांडून दुसऱ्या गावच्या शाळेत जाईल का, हे कोणी विचारलं नाही. मला याचा फार त्रास होतो म्हणून लिहिलं.
ताई, तुम्हाला एकच सांगतो. ताई-दादा एका गटाबरोबर बसलेले असतात तेव्हा बाकीचे गट काय करतात, ते बघा. छोट्या शाळेचं सगळं तिथे कळतं. पोह्यांच्या दिवशी नाही, एखाद्या साध्या मंगळवारी जा.

मुक्ताई_११
चौथी, सीबीएसई. मान्यतेचं विचारलं होतं. ते म्हणाले आम्ही लर्निंग सेंटर आहोत, ट्रस्ट नोंदवलेला आहे, मुलं एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) दहावी करतात. डिपॉझिटबद्दल कोणीच बोलत नाहीये.

निरंजन_देशी
आता बोलता येईल. जरा मोठं होईल, पण वाचा.
ट्रस्टची नोंदणी वेगळी आणि शाळेची मान्यता वेगळी. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १८: मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. दंड एक लाखापर्यंत, आणि पुढे चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. म्हणूनच बरेच जण 'शाळा' हा शब्दच वापरत नाहीत. दंड चालवणाऱ्याला आहे, पालकांना या कायद्यात शिक्षा नाही. पण नोटीस आली आणि केंद्र बंद झालं तर जून-जुलैत रस्त्यावर येणार तुम्ही.
एनआयओएसची दहावी खरी आहे, केंद्र सरकारचं मंडळ आहे. वय १४ पूर्ण लागतं. आधी कुठल्या शाळेत होतात याचा दाखला नसला तरी स्वतःचं लेखी निवेदन चालतं. वर्षातून दोनदा परीक्षा असते आणि एकदा नाव घातलं की पाच वर्षांत सगळे विषय काढायचे. म्हणजे तुमच्या मुलीला चार-साडेचार वर्षं आहेत.
पण समजा सातवीत वाटलं की आपलं राज्य मंडळच बरं, तर खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्याला किमान पाचवी उत्तीर्ण आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तुम्ही चौथीनंतर काढताय! पाचवीचा पुरावा कुठून आणणार? एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी, आठवी असे तीन स्तर आहेत. त्यातली पाचवीच्या स्तराची परीक्षा मुलं देतात का, हे त्यांना आजच विचारा. नवोदय विद्यालयाचा विचार असेल तर पाचवी कुठल्या शाळेत झालेली चालते, ही त्यांची अट आधी तपासा.
आणि मूळ दाखला जपून ठेवा. त्यावर जात लिहिलेली असेल तर पुढे जात पडताळणीला शाळेचीच नोंद मागतात.
डिपॉझिट: शुल्क नियमनाचा कायदा (२०११) शाळांसाठी आहे, त्यात पालक-शिक्षक समितीची फीला मंजुरी लागते. लर्निंग सेंटरकडे ही समितीच नसते. पावतीवर 'देणगी' लिहिणार की 'फी', ते बघा. देणगी लिहिलं तर परत मागायला तोंडच उरत नाही.

रानवारा
निरंजनराव, नुसती भीती घालताय. आमच्या ओळखीतली तीन मुलं एनआयओएसवरून आज व्यवस्थित कॉलेजात आहेत. कागदाच्या भीतीने किती जणांनी मुलांची बालपणं ४८ च्या वर्गात घालवायची?

निरंजन_देशी
भीती कसली, एनआयओएस चालतं हे मीच लिहिलंय वर. रस्ता आहे. पण तो सोमवारच्या आधी लिहून घ्यायचा की नंतर, एवढाच मुद्दा आहे.

रानवारा
तुमच्या लिहिण्याचा सूर तसा नव्हता.

वाळवंटातला_विदर्भी
इथे ॲरिझोनात आम्ही हेच केलंय. २०२२ पासून इथे सगळ्याच मुलांना सरकार ईएसए खात्यात (पालकांनी मुलाच्या शिक्षणावर खर्च करायचं खातं) पैसे देतं, साधारण सात हजार डॉलर वर्षाला. मायक्रोस्कूलची फी त्यातून जाते. आमच्या गटात दहा मुलं आहेत, एका घराच्या हॉलमध्ये भरतात. सकाळी वाचन-गणित लॅपटॉपवर ज्याच्या त्याच्या गतीने, दुपारी सगळे मिळून प्रकल्प. फक्त सरकारी शाळेतलं नाव काढावं लागतं आणि त्याबरोबर तिथल्या काही सोयीही जातात, हे सही करताना नीट वाचा.

अननसी
दादा, त्या पुण्यात आहेत.

वाळवंटातला_विदर्भी
माहीत आहे हो. भारतात कधी असं झालं तर उपयोगी पडेल.

शुभदा_विशेष
मुक्ताई, एक विचारू का? ४८ मुलांचा वर्ग तर पहिलीपासूनच असेल. मग चौथीच्या शेवटीच का काढताय? काही घडलंय का? मी विशेष शिक्षक आहे, सवयीने विचारते.

मुक्ताई_११
घडलं काहीच नाही. डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं जुळवून वाचायला अडचण येते, दुसरीत असेसमेंट झालंय. पण तो प्रश्न नाहीये माझा. मायक्रोस्कूलमध्ये सांगितलं तेव्हा ते म्हणाले आम्ही मुलांना लेबलं लावत नाही, आणि मला ते फार आवडलं. आत्ताच्या शाळेत वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करतात. ती आदल्या रात्री तो धडा माझ्याकडून चार-चारदा वाचून घेते आणि पाठ करते, म्हणजे सकाळी पुस्तकाकडे बघत म्हणता येईल. बाईंना वाटतं तिला वाचता येतं.

शुभदा_विशेष
तोच प्रश्न आहे तुमचा. पहिल्या पोस्टमध्ये असतं तर निम्मा धागा वेगळा झाला असता.
आधी हे सांगते की तुमची मुलगी फार हुशार आहे आणि प्रचंड दमत असणार. तिला त्या वर्गातून बाहेर काढावंसं वाटणं अगदी बरोबर आहे.
पण लहान गट म्हणजे उपचारात्मक शिक्षण नाही. २२ मुलांत तिला कोणी हसणार नाही, पोटातली भीती जाईल, आणि ते मोठंच काम आहे. वाचन मात्र आपोआप येत नाही. त्याला ध्वनी आणि अक्षर यांची जोडी पायरीपायरीने पक्की करणारी पद्धत लागते, एकेकटीने, नियमित, शिकलेल्या माणसाकडून. 'लेबलं लावत नाही' याचा अर्थ 'आम्हाला माहीत आहे आणि आम्ही शांतपणे काम करतो' असाही असतो, आणि 'आमच्याकडे ते येणारं कोणी नाही' असाही असतो. त्यांना सरळ विचारा: चौघांपैकी कोणाचं विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण झालंय? अशी आणखी किती मुलं आहेत? त्यातलं एखादं वर्षभरापूर्वी काय वाचत होतं आणि आज काय वाचतं, ते दाखवा.
परीक्षा नाही, गृहपाठ नाही, हे तिला आज औषधासारखं वाटेल. पण लिखित नोंद कुठेच नसेल तर ती दोन वर्षांत पुढे सरकली की नाही हे तुम्हाला कसं कळणार? पाठ करून वाचून दाखवणारी मुलं छोट्या शाळेतही कळून येत नाहीत. उलट तिथे वाचायची वेळच टाळता येते.
कागदाचं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. जास्तीचा वेळ, लेखनिक, भाषेत सूट या सवलती मंडळं देतात, एनआयओएससुद्धा देतं. पण खाजगी असेसमेंट पुरत नाही, सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. पुण्यात ससूनला जावं लागेल. मुलगी आत्ताच्या शाळेत आहे तोवर शाळेचं पत्र आणि वर्गशिक्षिकेचा अहवाल घेऊन ठेवा. दाखला काढल्यावर ते मागायला जाणं जड जातं.

प्राजक्त_सडा
मुळात इंग्रजी माध्यमातून काढा. घरात मराठी आणि वाचायचं इंग्रजी, मग काय होणार? लीलाताई पाटलांनी कोल्हापुरात १९८५ साली सृजन आनंद सुरू केलं, फलटणला मॅक्सीनबाईंचं कमला निंबकर बालभवन आहे, पुण्यात अक्षरनंदन आहे. आनंदाने शिकणं म्हणजे काय ते मराठी शाळांनी केव्हाच करून दाखवलंय आणि आपण मायक्रोस्कूल शोधत फिरतोय.

रानवारा
प्रत्येक धाग्यावर माध्यमाचा वाद आणलाच पाहिजे का?

शुभदा_विशेष
वाद नको, पण त्यात थोडं तथ्य आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बरेचसे जुळतात, इंग्रजीत जुळत नाहीत, म्हणून अशा काही मुलांना मराठी वाचणं तुलनेने सोपं जातं. मुक्ताई, ती दुकानाच्या मराठी पाट्या वाचते का?

मुक्ताई_११
हो. बसवरच्या पण. मला ते कधी महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

शिरवळकर गुरुजी
मग त्या मराठीला धरून ठेवा, ताई. पोरीला जे वाचता येतं ते रोज पाच मिनिटं वाचायला द्या, शाळा कुठलीही असो.
आणि कागदाची धास्ती फार घेऊ नका. अगदी काही जमलं नाही तरी महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, तो तिचा हक्क आहे. मी स्वतः वीटभट्टीवरची पोरं वर्षाच्या मध्यात दाखल करून घेतली आहेत.

अथर्वची आई
आणखी एक विचारा. तिच्या वयाच्या मुली किती आहेत? अथर्वच्या गटात त्याच्या वयाचा एकच मुलगा होता, आणि ते दोघं भांडले की अख्खी शाळा त्याला परकी व्हायची. मोठ्या शाळेत दुसऱ्या बाकावर जाऊन बसता येतं.

मुक्ताई_११
फोन केला होता, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला. विचारलं ते सगळं लिहिते.
तिच्या वयाच्या दोघी आहेत. पाचवीच्या स्तराची एनआयओएसची परीक्षा गेल्या वर्षी दोन मुलांनी दिली, निकाल दाखवतो म्हणाले. अथर्वच्या शाळेचं वाचलं म्हणून हेही विचारलं: मुख्य ताईंचा मुलगा सहा वर्षांचा आहे. विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण कोणाचंच नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि बाहेरच्या विशेष शिक्षिकेला आठवड्यातून दोनदा शाळेच्या वेळात यायला परवानगी देऊ म्हणाल्या, खर्च आमचा. ६० हजार कमी होणार नाहीत, पण पावतीवर 'फी' लिहायला आणि शाळा वर्षाच्या मध्यात बंद झाली तर प्रमाणात परत द्यायला त्या तयार आहेत. ते ईमेलवर मागितलंय, अजून आलेलं नाही.
नवरा म्हणतो सोमवार सोडून द्या, त्या ईमेलची वाट बघू. मी आत्ताच्या शाळेकडे अहवालाचा अर्ज उद्या देतेय. शुभदाताई, ससूनला आधी कुठल्या विभागात जायचं?

शुभदा_विशेष
आधी बालरोग ओपीडीत विचारा, तिथून पुढे पाठवतील. मुलीचं आधार कार्ड, जुनं असेसमेंट, शाळेचं पत्र आणि मागच्या दोन वर्षांच्या मराठी-इंग्रजीच्या वह्या बरोबर न्या. वह्या नक्की न्या, बऱ्याच पालकांच्या त्याच राहतात. एका फेरीत होत नाही, सुट्टी लागायच्या आत सुरुवात करा.

निरंजन_देशी
ईमेलमध्ये 'प्रमाणात' म्हणजे कुठल्या तारखेपासून मोजणार ते लिहून घ्या.