मदत हवी आहे: सामू २ आणि सामू ४ मिसळले की सामू ३, हे मुलांच्या डोक्यातून कसं काढू?

निळा_लिटमस
आम्ल-आम्लारी आणि सामूची (पीएच, म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती दहाच्या घातात लिहून त्या घाताचं चिन्ह बदलून मिळणारा आकडा) गणितं चार तास घेतली. व्याख्या विचारली की धडाधड सांगतात, सूत्र तोंडपाठ. पण "सामू २ आणि सामू ४ ची द्रावणं समान घनफळात मिसळली तर?" म्हटलं की अर्ध्याहून जास्त वर्ग ३ लिहितो. तीनदा समजावून झालं. परवा चाचणी आहे. "संकल्पना पक्की करा" एवढंच कृपया सांगू नका, काय करू ते सांगा.

मोलभर
आम्लं कोणती? सौम्य असतील तर गणितच वेगळं. आणि मुलांना लॉग (आकडा दहाचा कितवा घात आहे ते) येतो का?

निळा_लिटमस
दोन्ही हायड्रोक्लोरिक, अर्थातच. उत्तर २.३० यायला हवं.

जुना_ब्युरेट
फळ्यावर हे कधीच सुटणार नाही, परीक्षानळ्या काढा. पहिलीत ०.१ मोलर (लिटरमध्ये ०.१ मोल) एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. त्यातलं १ मिली दुसरीत, वर ९ मिली पाणी. दुसरीतलं १ मिली तिसरीत, पुन्हा ९ मिली पाणी. वैश्विक दर्शक (सामूप्रमाणे रंग बदलतो तो) टाका. दर नळीला संहती दहापट उतरते आणि सामू फक्त १ ने चढतो, हे डोळ्यांना दिसतं. मी वर्षानुवर्षं असंच शिकवतोय.

दशांश
सहाव्या-सातव्या नळीला काय सांगता? हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या पाण्याचा स्वतःचाच सामू ५.६ च्या आसपास असतो. शिवाय ताईंचा प्रश्न मिसळण्याचा आहे, विरल करण्याचा नाही.

जुना_ब्युरेट
चौथ्या नळीला थांबायचं. आणि विरल करणं म्हणजे पाण्यात मिसळणंच की.

तळटीप
सामूमापक वापरणार असाल तर आधी सामू ४ आणि ७ च्या बफरने (सामू ठरलेला असतो अशा द्रावणाने) जुळवून घ्या. इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवू नका, खराब होतो. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा.

निळा_लिटमस
सामूमापक नाहीच आमच्याकडे.
@मोलभर, लॉग गणितात अजून झालेला नाही. मी "घाताचं चिन्ह बदला" एवढंच सांगितलंय.

मोलभर
हे आधी सांगायला हवं होतं! लॉग माहीत नसेल तर २ आणि ४ त्यांच्या लेखी साधे आकडे आहेत, मग सरासरीच काढणार. अजून एक सांगा, मिश्रणाचं पहिलं उदाहरण कोणतं घेतलं होतं?

निळा_लिटमस
सोपं घेतलं होतं. सामू २ चं एचसीएल, सामू १२ चं सोडियम हायड्रॉक्साइड, समान घनफळ. उत्तर ७. सगळ्यांना बरोबर आलं होतं.

मोलभर
तिथेच घोळ आहे. २ आणि १२ ची सरासरी ७! सामू १२ म्हणजे हायड्रॉक्साइड ०.०१ मोलर (१४ वजा १२, म्हणजे २). ०.०१ ला ०.०१ ने उदासीन केलं म्हणून ७ आलं, पण मुलांनी सरासरी काढली आणि तुम्ही बरोबरची खूण केलीत. आता सामू ३ चं एचसीएल आणि सामू १२ चं सोडियम हायड्रॉक्साइड द्या. सरासरीने ७.५ येईल. खरं तर ०.०१ मधून ०.००१ गेले, उरले ०.००९, घनफळ दुप्पट म्हणून ०.००४५ मोलर हायड्रॉक्साइड. सामू ११.६५.

दशांश
अगदी! आणि सामू हा शब्दच दोन दिवस बाजूला ठेवा. सोरेन्सननं १९०९ मध्ये हे माप आणलं ते दहाचे उणे घात सारखे लिहावे लागू नयेत म्हणून. मूळ आकडाच न पाहिलेल्या मुलाला त्याचं लघुरूप काय कळणार? फळ्यावर लिहा: ०.०१ आणि ०.०००१. बेरीज ०.०१०१, निम्मे ०.००५०५. सामू अगदी शेवटी.

तळटीप
सामू ७ म्हणजे उदासीन, हेही २५ अंश सेल्सिअसलाच खरं. ६० अंशाला शुद्ध पाण्याचा सामू ६.५ च्या आसपास असतो.

जुना_ब्युरेट
हे परवाच्या चाचणीत येणार आहे का? मुलांना आणखी गोंधळात टाकू नका.

निळा_लिटमस
आज घेतलं. ३ आणि १२ चं उदाहरण दिल्यावर वर्ग गप्पच झाला. मग ०.०१ आणि ०.०००१ एकाखाली एक लिहिले. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग ४ चं द्रावण जवळजवळ पाणीच की!" सगळ्यांकडून करून घेतलं: सामू २ च्या द्रावणात तेवढंच नुसतं पाणी घातलं तरी २.३०. मलाही हे असं कधी दिसलं नव्हतं. @मोलभर, पहिल्या उदाहरणाचं विचारलंत म्हणून सापडलं, मनापासून आभार.
आता एकानं विचारलंय, एचसीएलची संहती १० चा उणे ८ वा घात मोलर असेल तर सामू ८ येतो, मग ते आम्ल कसं?

मोलभर
पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरायचे, ६.९८ येतं. त्याला शाबासकी द्या आणि हे चाचणीनंतर घ्या.