फुल्यांवर ख्रिस्ती विचारांचा प्रभाव नक्की किती?

कट्टेकरी: फॅमिली ग्रुपवर कालपासून राडा चाललाय. एक काका म्हणतात फुले मिशनऱ्यांचेच माणूस, दुसरे म्हणतात काडीचा संबंध नव्हता. कोणी नीट वाचलंय का?

नगरी_मिसळ: संबंध नव्हता कसं म्हणणार, शिकले स्कॉटिश मिशनच्या शाळेत, आणि आमच्या नगरला अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंची मुलींची शाळा बघून आले तेव्हा पुण्यात अशी शाळा हवी हे मनात पक्कं झालं, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. मग १८४८ला शाळा काढली. पण थॉमस पेन हा इंग्रज लेखकही वाचलेला ना, जो चर्चला सोलून काढायचा! ‘गुलामगिरी’ या पुस्तकात तर येशूला थेट बळीराजाच्या रांगेत बसवलंय, आता हे कुठल्या पाद्र्याला चालेल सांगा.

वाचनवेडी: +१. फुल्यांच्या सार्वजनिक सत्यधर्म (१८९१) या पुस्तकात तर एकाच घरात बाई बौद्ध, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी गोडीने नांदावं असं लिहिलंय. मिशनऱ्यांचा माणूस असं कशाला लिहील? त्यांनी समतेचा मुद्दा उचलला, बाप्तिस्मा नाही.

पंडिता रमाबाईंचं उलट. त्यांनी १८८३ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टरशी (जोगिणीशी) पत्रांतून ट्रिनिटीवरून, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून वाद सुरू, मी बायबल स्वतः वाचून ठरवणार म्हणून. इकडे १८९३ला शारदा सदनातल्या, म्हणजे रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शाळेतल्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून बोंब झाली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर. म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाल्ली बाईने. तरी केडगावात प्रेस टाकून बायबलचं स्वतः केलेलं भाषांतर आपल्या मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींकडून छपाईचे खिळे जुळवून छापून घेतलं. ज्यांना घरच्यांनी टाकलं त्या कंपोझिटर झाल्या, मला तर खरी सुधारणा इथेच दिसते.

नगरी_मिसळ: फक्त चर्चला फार डोक्यावर घेऊ नका, जात तिथेही बाकावर येऊन बसली होतीच. आणि काकांना विचारा, रमाबाईंनी धर्म बदलल्यावर त्यांची बाजू कोणी घेतली? फुल्यांनी, त्यांच्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत, १८८५.

कट्टेकरी: भारी! हे सत्सार कुठे मिळेल? काकांच्या तोंडावर मारायला स्क्रीनशॉट पाहिजे.

वाचनवेडी: समग्र वाङ्मयात आहे, सरकारी प्रकाशन, स्वस्त मिळतं. स्क्रीनशॉट कशाला, पुस्तकच भेट द्या काकांना.