'परिणाम' की 'निष्पत्ती'?

प्रश्न : दारूच्या व्यसनावरील उपचारांचं मूल्यमापन करणारा एक अहवाल मराठीत आणते आहे. 'आउटकम' आणि 'इफेक्ट' दोन्हींना 'परिणाम' लिहून मोकळी झाले, आणि 'उपचारांचा परिणाम म्हणून दिसलेला परिणाम' असं वाक्य समोर आलं! 'आउटकम'ला 'फलित' चालेल?

प्रतिसाद : 'फलित'ला यशाचा वास आहे. उपचारांनंतर माणूस आधीपेक्षा जास्त प्यायला लागला तर तोही आउटकमच, पण त्याला फलित म्हणवत नाही. मी 'निष्पत्ती' लिहितो. 'परिणाम' इफेक्टसाठी राखा, कारण त्यात 'कशाचा?' हा प्रश्न दडलेला असतो. हा काही नुसता शब्दांचा कीस नाही. पिणं अगदी हाताबाहेर गेलं की माणूस उपचाराला येतो, आणि तिथून ते काही न करताही थोडं उतरू शकतं. अमेरिकेतल्या 'प्रोजेक्ट मॅच' या दारूच्या व्यसनावरील उपचारांच्या मोठ्या चाचणीत १७२६ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन उपचारपद्धतींत वाटलं होतं. १९९७ साली मुख्य निष्कर्ष आले : पिणं तिन्हीकडे बरंच घटलं. पण उपचार न दिलेला गटच नव्हता. निष्पत्ती उत्तम, त्यात उपचारांचा परिणाम किती, हे त्या आकड्यांतून निघत नाही.

प्रश्नकर्ती : पटलं. आणि 'दारू सुटली'?

दुसरा प्रतिसाद : बोलताना ठीक. अहवालात काय मोजलं ते लिहा : 'न पिता गेलेल्या दिवसांचं प्रमाण' की 'पिण्याच्या दिवशी सरासरी किती पेले'? कॅलेंडर पुढ्यात ठेवून, पगाराचा दिवस, वाढदिवस अशा खुणा धरत माणसाकडून एकेक दिवस आठवून घेतात, त्यातून हे आकडे येतात. 'पेला'ही फसवा आहे हं. प्रमाणित पेल्यात अमेरिकेत १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात, ब्रिटनच्या एका युनिटात ८. ग्रॅम लिहाच.

प्रश्नकर्ती : 'गळती' तरी बिनधास्त वापरू ना?

पहिलाच पुन्हा : नको! उपचार अर्ध्यात सोडलेले आणि संपर्क तुटलेले, दोघेही त्यात कोंबले जातात. उपचार सोडलेल्याला वर्षाने फोन करून विचारता येतं, आणि विचारायलाच हवं. टक्क्यांपुढचं 'पैकी'ही गाळू नका. समजा १०० दाखल झाले, वर्षाने ६० भेटले, त्यांतले ३० पीत नव्हते. 'भेटलेल्यांपैकी ५० टक्के' आणि 'दाखल झालेल्यांपैकी ३० टक्के' दोन्ही खरं. जाहिरातीत कुठलं छापतात, ते ओळखा.