शिफारस, चाळणी आणि तिकिटाचे हप्ते

"निर्वासित अमेरिका पसंत करतात, जाऊन बसतात आणि त्यांना सगळं फुकट मिळतं" असं बरेच जण म्हणतात. यात दोन गोष्टींची गल्लत होतेय. सीमेवर पोचून आश्रय मागणारा वेगळा आणि जॉर्डन किंवा केनियातून पुनर्वसनासाठी, म्हणजे दुसऱ्या देशात कायम वसवण्यासाठी, निवडला गेलेला निर्वासित वेगळा. या दुसऱ्याला देश निवडता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हा कार्यक्रम बहुतांशी थांबवला; त्याआधी बहुतेकदा संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था त्याचं नाव सुचवत असे, आणि जगातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्का लोकांच्याही वाट्याला हे येत नाही.

खरी चाळणी त्यानंतर असे. अमेरिकी अधिकारी तिथे जाऊन समोरासमोर मुलाखत घेत, बोटांचे ठसे एफबीआय आणि संरक्षण खात्याच्या नोंदींशी ताडले जात, मग वैद्यकीय तपासणी. गंमत (कसली गंमत म्हणा!) अशी की या तपासण्यांना मुदत असे. एकीचा निकाल येईपर्यंत दुसरी बाद होई, की ती पुन्हा करा. मध्येच मूल झालं तर फाइल आणखी लांबे. दीड-दोन वर्षं सहज जात.

किती जणांना घ्यायचं ते १९८० च्या कायद्यानुसार दरवर्षी राष्ट्राध्यक्ष ठरवतात. २०१६ साठी मर्यादा ८५,००० होती, २०२१ साठी सुरुवातीला फक्त १५,०००. छावणीत ताटकळणाऱ्यांचं नशीब असं वॉशिंग्टनमधल्या एका सहीवर.

आणि "सगळं फुकट" हेही तितकंसं खरं नव्हतं. विमानाचं तिकीट सहसा बिनव्याजी कर्जावर मिळे. पोचल्यावर साधारण सहा महिन्यांनी हप्ते सुरू होत.