आजी-आजोबांचा स्मृतिभ्रंश आणि लांब राहणारे आपण : तुमचे अनुभव लिहा

माझी आज्जी मिरजेला, मी बंगळूरला. वय २६. गेल्या गणपतीत घरी गेले तेव्हा तिने मला आईच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, "बाळंतपणाला आलीस व्हय गं?" मी म्हटलं, "अगं, मी तुझी नात!" ती इतकी ओशाळली, की पदराचं टोक बोटाला गुंडाळत नुसती बसून राहिली. ते बोट डोळ्यांसमोरून जात नाही. निदान अल्झायमरचं आहे. आई-बाबा रोजचं सगळं निभावतात. मी आज्जीला सांभाळायला येणाऱ्या ब्युरोच्या मावशींचे पैसे पाठवते आणि रात्री आठला व्हिडिओ कॉल करते. कॉलवर आज्जी चिडते, रडते, आणि फोन ठेवल्यावर मला झोप लागत नाही. ज्यांनी लांब राहून हे काढलंय त्यांनी लिहा. सल्ला नसला तरी चालेल.

*

पुणे, घर यवतमाळला

आधी कॉलची वेळ बदल. दिवेलागणीनंतर या पेशंटची घालमेल वाढते, आमच्याकडे तर रोज. आबा, म्हणजे माझे आजोबा, एसटीत कंडक्टर होते. सहा वाजले की पिशवीत दोन सदरे, टॉवेल भरून दारात उभे. "घरी जायचंय." घर त्यांनीच बांधलेलं. बाबा सांगायचे, "हेच तुमचं घर," मग आवाज चढायचे, आबा कडी वाजवत राहायचे. शेवटी आत्याने वेगळं काढलं. "आबा, शेवटची गाडी सुटली. आता सकाळी सहाची. तोवर दोन घास खाऊन घ्या." आबांनी मनगटावर नसलेलं घड्याळ बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि पाटावर बसले.

मला ते खोटं बोलणं फार लागलं होतं. आत्याशी भांडलोही, पुण्यात बसून. मग दिवाळीत आठ दिवस राहिलो आणि तिसऱ्याच संध्याकाळी मीच गाडीची वेळ सांगत होतो.

व्हिडिओही बंद केला. पडद्यावरचा माणूस त्यांना टीव्हीतला वाटायचा. आता सकाळी अकराला साधा फोन करतो. "डबल बेल दिली का?" विचारतात. "दिली," म्हणतो.

*

डब्लिन, आजी रत्नागिरीला

एक गोष्ट कळकळीने सांगते. आजीचं दोन दिवसांत एकदम बिघडलं. भिंतीवर माणसं दिसायला लागली, काकाला ओळखेना. पहिल्या दवाखान्यात "वय झालं, आजार वाढणारच" म्हणून परत पाठवलं. मी इथून हट्ट धरला, दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर सोडियम खूप उतरलेलं. लघवी जास्त व्हायला लावणारी बीपीची गोळी चालू होती, ती बदलली. आठवड्याने आजी पुन्हा पूर्वीइतकी झाली. स्मृतिभ्रंश आहेच, पण वरचा तो गोंधळ उतरला. लघवीच्या संसर्गानेही असंच होतं. बदल अचानक झाला तर "वाढला आजार" म्हणून घरी बसू नका. बी-१२ आणि थायरॉइडही सुरुवातीलाच तपासून घ्या.

*

मुंबई, आजोबा नाशिकला

कागदपत्रं लांबून होतात, ती अंगावर घ्या. आम्ही कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) विसंबलो होतो. वकिलांनी सांगितलं, देणाऱ्याची समज गेली की ते टिकत नाही. त्यामुळे खात्यावर दुसरं नाव, नॉमिनी, मृत्युपत्र, हे सगळं त्यांना कळतंय तोवरच करा. पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या निघतो, बोटांचे ठसे पुसट झाले असले तरी. आणि ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

*

हैदराबाद, घर साताऱ्याला

मी दोन वर्षं रोज विचारत होते, "आजी कशी आहे?" आई कशी आहे, हे एकदाही विचारलं नाही. आई तिची सून. मेमध्ये रजा टाकली आणि आईला जबरदस्तीने मावशीकडे कोल्हापूरला धाडलं. पहिल्याच रात्री तीनला भांड्यांचा आवाज आला. आजी अंधारात तांदूळ धूत होती. धुतलेले पुन्हा धुवायची. पाणी स्वच्छ झालं होतं आणि हात भिजून पांढरे पडले होते. मी "झोप" म्हटलं तर ऐकेना. शेवटी तिच्याशेजारी पाटावर बसले, दुसरं पातेलं घेतलं. चार वाजता म्हणाली, "झाले गं, माणसं जेवतील आता." आणि झोपली.

सकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, "तांदूळ ना? मी ते डोशाला भिजवते." रोजचंच होतं ते. आम्हाला कुणालाच तिने सांगितलं नव्हतं. आता दर तीन महिन्यांनी आठवडाभर मी जाते, आई बाहेर पडते. भावालाही लावलंय.

*

फोंडा, सध्या दुबई

आजोबा मास्तर होते. माझं नाव गेलं, पाढे आहेत. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा! फोनवर विचारतो, "सात औट?" लगेच उत्तर, "साडेचोवीस." दहा मिनिटं तेच चालतं. मला पुरतं.

*

मिरज-बंगळूर, पुन्हा मीच

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. आज ऑफिसातून अकराला नुसता फोन लावला. आज्जी शांत होती. आईचंच नाव घेतलं आणि म्हणाली, "कधी आलीस? बाळंतपणाला आलीस न्हवं?" मी "हो" म्हटलं. "मग डिंकाचे लाडू करायला पाहिजेत," म्हणाली आणि खोबरं किती, खारीक किती, डिंक कसा फुलवायचा, सगळं नीट क्रमाने सांगत गेली. मी लिहून घेतलं. मग आईला डिंक आणून ठेवायला सांगितलं, आणि तिला विचारलं, "तू जेवलीस का?" शनिवारचं तिकीट काढलंय.